डावी नळी

माणूस आजारी पडला तर बंदूक घेऊन दारात उभा राहू शकतो. बंदूक आजारी पडली तर माणसाला घरी बसावं लागतं. अतबल सिंगला हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. आमच्या भिंडकडे एजन्सीवाला तुमची शाळा विचारत नाही की छाती मोजत नाही. तो एवढंच विचारतो, "बंदूक स्वतःची? लायसन आहे?" हो म्हटलं की झालात तुम्ही गार्ड. कुणी पेट्रोलपंपावर, कुणी मोबाइलच्या टॉवरखाली, कुणी थेट सुरतेला हिऱ्यांच्या कारखान्यावर. लोक शेत विकून बंदूक घेतात. बाहेरचे हसतात, म्हणतात या लोकांना नुसती मिशांना पीळ द्यायची हौस. हसा बापडे. कुणाचा मुलगा पदवीचा कागद दाखवून नोकरी मागतो, आमचा दुनळी बंदूक दाखवून मागतो, एवढाच काय तो फरक.

अतबलची दुनळी बारा बोअरची. बापानं नदीकाठचं शेत विकून घेतलेली. ती खांद्याला लावून तो पंचवीस वर्षं खिरौलीच्या बँकेच्या दारात उभा होता. सकाळी शटर वर जायच्या आधी हजर, संध्याकाळी कुलूप ओढून बघितल्यावर घरी. इतक्या वर्षांत बँकेत त्यानं एकदाही गोळी झाडली नव्हती. रांगेत घुसणाऱ्याला नुसतं खाकरून दाखवलं तरी भागायचं. मॅनेजर सक्सेनासाहेब भोपाळचे, त्यांना या सगळ्याची गंमत वाटे. "अतबल सिंग," ते म्हणायचे, "तुमच्या बंदुकीपेक्षा तुमच्या मिशांनाच चोर जास्त भितात." अतबल हसायचा. हसायला त्याचं काय जात होतं?

पण त्या दुनळीत एक गोष्ट होती आणि ती त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. उजव्या नळीत जिवंत काडतूस असे. डाव्या नळीत असे एक उडालेलं, रिकामं काडतूस. बंदूक उघडून कुणी बघितलं तर दोन पितळी बुडं शेजारी शेजारी दिसत, दोन्ही भरलेली वाटत. तपासणीच्या दिवशी तेवढं तो ते काढून खिशात घाली आणि घरी येण्याआधी परत आत सरकवी. असं अकरा वर्षं चाललं होतं.

काडतूस लाल होतं. आता त्याचा रंग उडून ते फिकट गुलाबी झालं होतं.

आश्विन लागला तेव्हाची गोष्ट. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विधवांची पेन्शन यायची आणि दारातल्या बाकावर बायकांची गर्दी व्हायची. जनकदुलारी सगळ्यांत आधी यायची आणि अतबलला लागून असलेला कोपरा धरायची, कारण पंख्याचा वारा तिथपर्यंतच पोचायचा. दोघं एकाच गावचे, सिमरईचे. तिचं घर त्याच्यापासून चौथं. नात्यानं ती वहिनी. धाकट्या दिराला म्हणावं तसं ती त्याला लाला म्हणे आणि वहिनीच्या हक्कानं वाटेल ते बोले.

"लाला, ही तुझी काठी अजून फुटते का, की नुसती मिरवायला?"

"तुम्ही बसा हो वहिनी. तुमचा नंबर लांब आहे."

"माझा नंबर लांबच असतो. यमाकडेही लांबच लागलाय." तिनं पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढले, चार त्याच्या हातावर ठेवले, आणि स्वतः एक सोलत म्हणाली, "छिद्दा गेला. ऐकलंस ना?"

"तेराव्याला जाऊन आलो."

"मी त्याच्या आधी जाऊन आले. त्यानंच बोलावलं होतं."

अतबलच्या हातातला शिंगाडा हातातच राहिला.

"खाटेवर नुसती हाडं उरली होती," जनकदुलारी सांगू लागली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "सुनेला म्हणाला, जनकदुलारीच्या हातचं एक घोट पाणी मिळालं तर जीव सुटेल. सुनेनं भरला तांब्या माझ्या हातात दिला. त्यानं तोंडसुद्धा उघडलं होतं. मी बघितलं त्याच्याकडे. चांगलं डोळे भरून बघितलं. मग तांब्या खाली ठेवला आणि घरी आले."

"मग?"

"मग काय? दोन दिवस पाणी पाणी करत होता म्हणे. सुनेच्या हातचं घेईना. तिसऱ्या दिवशी गेला." तिनं शिंगाड्याचं साल पिशवीत टाकलं. "त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले, लाला. अकरा वर्षांनी पहिल्यांदा. माझ्या लेकीला मारणाऱ्याला मी पाणी पाजलं नाही. चांगलं केलं ना?"

आता या प्रश्नाला काय उत्तर असतं, सांगा. गप्प बसायचं असतं, नाहीतर खरं बोलायचं असतं. अतबल सिंग या दोन्हींपैकी काहीच करू शकला नाही. ती वर मान करून त्याच्याकडे बघत होती आणि तिला कुणाकडून तरी ते ऐकायचं होतं.

"चांगलं केलंत, वहिनी," तो म्हणाला.

तिचा नंबर पुकारला गेला. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि काउंटरकडे गेली. अतबल शिंगाडे मुठीत धरून उभाच राहिला. संध्याकाळी घरी पोचला तेव्हा ते त्याच्या खिशात तसेच होते.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी, वैशाखात, गावच्या सरपंचाच्या मुलीचं लग्न होतं. दिवस कलायला वरात दारात आली. आमच्याकडे वरात मुकाट्यानं आत येत नाही. त्यांच्या बंदुका उडतात, मग यजमानांच्या बंदुकांनी उत्तर द्यायचं. त्यांचे पाच तर आपले सहा. कमी पडलात तर मुलीला सासरी जन्मभर टोमणे ऐकावे लागतात. गच्चीवर बाया गारी, म्हणजे लग्नातली शिव्यांची गाणी, गात होत्या, व्याह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. त्यात सगळ्यांत वरचा आवाज बिट्टनचा, जनकदुलारीच्या एकुलत्या एका लेकीचा. वय अठरा. गळा असा की वरातीतले म्हातारेही मान वर करून ऐकत होते. नवऱ्याच्या काकाच्या मिशा बकरीनं कशा खाल्ल्या, ते ती गात होती.

अंगणात यजमानांच्या पाच बंदुका होत्या. अतबलची एक. शेजारी छिद्दा सिंगची, त्याच्याहून वडील, पण त्या दिवशी दुपारपासून पिऊन तर्र.

अतबलला ठाऊक होतं की आपल्या बंदुकीचा मागचा चाप, डाव्या नळीचा, कच्चा झालाय. धक्का लागला तरी सुटतो. तीन महिन्यांपासून ठाऊक होतं. पण दुरुस्तीला टाकायची म्हणजे भिंडला कारागिराकडे आठवडाभर ठेवायची, आणि बंदूक नाही तर बँकेत उभं राहायचं नाही. पुढच्या महिन्यात बघू, असं करत त्यानं एक सोपा उपाय काढला होता: डावी नळी रिकामीच ठेवायची. त्या दिवशीही त्यानं उजवीच भरायचं ठरवलं होतं. पण तिकडून सहावा बार झाला, आणि सरपंच ओरडला, "अरे, नाक कापताय काय माझं!" कुणीतरी त्याच्या हातात दोन लाल काडतुसं कोंबली, आणि त्यानं दोन्ही नळ्या भरल्या. गडबडीत. हाताच्या सवयीनं. गारी, बँड, धूर, सरपंचाच्या शिव्या, आणि पंधरा जणांचे डोळे आपल्याकडे. त्याला डाव्या नळीची आठवणच झाली नाही.

उजवी त्यानं आकाशात झाडली. मग बंदूक खाली घेत असताना छिद्दानं खूश होऊन त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली, "शाब्बास, पठ्ठे!" त्याच क्षणी बाकीच्यांचेही बार झाले. सगळं एकदमच उडालं. गच्चीवरची गारी मिशीच्या अर्ध्या ओळीवर थांबली.

एवढंच.

छर्रे होते, आणि छर्ऱ्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. ठाणेदार म्हणाला, एक नाव द्या, नाहीतर पाचही बंदुका जप्त करतो. पाच बंदुका म्हणजे पाच नोकऱ्या, पाच घरांच्या चुली. तिसऱ्या दिवशी पंचायत बसली. वडाखाली गंगाजली ठेवली, गंगेच्या पाण्याचा तांब्याचा लोटा. तो उचलून जो बोलेल ते गावाला मान्य. खोटं बोललास तर तुझा वंश बुडेल, हे कुणी वेगळं सांगायची गरज नसते.

अतबल सगळ्यांच्या आधी उठला. लोटा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मी आकाशात मारली." शब्दन् शब्द खरा होता. एक त्यानं आकाशात मारलीच होती. दुसरीचं त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मागोमाग बाकी तिघांनीही उचलली.

छिद्दाची पाळी आली. त्यानं लोट्याकडे हात नेले. मग हात मागे घेतले.

"मी प्यायलेलो होतो," तो म्हणाला. "माझी कुठं गेली ते मला आठवत नाही. आठवत नाही ते गंगेवर हात ठेवून कसं सांगू?"

झालं. गावाला नाव मिळालं. अख्ख्या पंचायतीत एकच माणूस गंगेला घाबरला आणि तोच खुनी ठरला. चार वर्षं तुरुंगात गेली, बंदूक सरकारजमा झाली, परत आला तो मान खाली घालून. दर वैशाखात जनकदुलारी त्याच्या दारात जाऊन उभी राहायची आणि त्याच्या नावानं बोटं मोडायची, आणि तो आतून बाहेर येऊन, हात जोडून, सगळं ऐकून घ्यायचा. त्याला मनापासून वाटत होतं की आपणच मारलं.

अतबल तिथून जायचा यायचा. थांबला नाही कधी. "थाप तर त्याचीच होती," असं तो मनात म्हणायचा. पहिली दोन वर्षं हे म्हटल्यावर बरं वाटायचं. नंतर वाटेनासं झालं.

आणि ते रिकामं काडतूस. दोन उडवली होती, पोलिसांना त्यानं एकच दिलं. दुसरं टाकायला तो तीनदा गावाबाहेरच्या दऱ्यांपर्यंत गेला आणि तीनदा घेऊन परत आला. टाकलं तर कुणाला सापडेल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर ते आपल्यापासून लांब कुठंतरी पडून राहील हीच कल्पना त्याला सहन होईना. शेवटी जिथून निघालं होतं तिथंच त्यानं ते घातलं. डाव्या नळीत. तिथं असलं म्हणजे तिथं दुसरं काही भरता येत नव्हतं, आणि रोज बंदूक उघडली की ते त्याला दिसत होतं. बँकेचं शटर संध्याकाळी धाडकन खाली येई तेव्हा त्याला अर्ध्यावर थांबलेली ती ओळ ऐकू यायची. तो मुद्दाम शटरपासून लांब उभा राहायचा, तरी ऐकू यायची. पुढची अर्धी ओळ काय होती, ते आठवायचा प्रयत्न करत तो सायकलवरून घरी यायचा. गावातल्या कुठल्याही बाईला विचारता आलं असतं, पण विचारणार कसं?

आता तो साठीला आला होता. दसरा झाला की बंदूक आणि लायसन दोन्ही मुलाच्या नावावर होणार होतं, कागद जिल्ह्यावरून मंजूर होऊन आले होते. मुलगा सोबरन सत्तावीस वर्षांचा, धट्टाकट्टा, हसतमुख. बापाच्याच जागी, त्याच दारात, त्याच बाकाशेजारी तो उभा राहणार होता. घरात आनंदीआनंद होता. सुनेला सातवा महिना लागला होता.

अतबलला झोप लागेना. डाव्या नळीचं सांगितलं नाही तर हा मुलगा पहिल्याच दिवशी दोन्ही भरणार, आणि कधीतरी गर्दीत धक्का लागणार, आणि बाकावर बायका बसलेल्या असणार. सांगितलं तर विचारणार, केव्हापासून? आणि सोबरन त्या दिवशी अंगणातच होता, सोळा वर्षांचा. त्याला सख्खी बहीण नाही. राखी बांधायची ती बिट्टनच. तिची शेवटची राखी त्यानं अजून पेटीत ठेवली आहे. बाप कसा सांगणार?

एका रविवारी तो बंदूक घेऊन गुपचूप भिंडला कारागिराकडे गेला. म्हाताऱ्या नसीरमियाँनी चष्मा लावला, चाप बोटानं हलवून बघितला आणि नाक मुरडलं.

"ठाकूर, हे तर दहा-बारा वर्षांचं दुखणं आहे. आजवर कुणाला लागलं कसं नाही?"

"नाही लागलं."

"नशीब तुमचं. ठेवून जा, आठ दिवसांत करतो. बिघाड काय आणि कधीचा ते वहीत लिहावं लागेल. लायसनचा नंबर, सही. हल्ली ठाण्याचा माणूस येऊन वही तपासतो."

अतबलनं बंदूक उचलली. "दसऱ्याला पूजेत लागते," तो म्हणाला. "नंतर आणतो."

"पूजा बिघडलेल्या बंदुकीची करणार?" नसीरमियाँ हसले. अतबल परतीच्या बसमध्ये बसला आणि बंदूक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून सिमरईपर्यंत आला.

दसऱ्याच्या दिवशी अंगणात पाटावर शस्त्रं मांडली: आजोबांची तलवार, एक भाला, आणि दुनळी. सुनेनं हळदकुंकू आणलं. सोबरननं बंदुकीला टिळा लावला आणि गंगाजलाचा लोटा बापापुढे केला. "शिंपडा बाबा. यंदा शेवटचं तुमच्या हातानं."

अतबलनं हात पुढे केला. पाण्याला बोट लागायच्या आत मागे घेतला.

"तूच शिंपड," तो म्हणाला. "आता तुझीच आहे."

सोबरनला वाटलं, बापाचं मन भरून आलंय. तो वाकून पाया पडला आणि त्यानं बंदुकीवर पाणी शिंपडलं. सुनेनं पोटावर हात ठेवून नमस्कार केला. अतबलनं ते बघितलं. अकरा वर्षं सोबरनला साधा ताप आला तरी तो रात्र रात्र उशाशी बसायचा. आता उशाशी बसायला आणखी एक जीव येणार होता. त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं: सोबरनला सांगायचं, डावी कच्ची आहे, भरू नकोस. विचारलं केव्हापासून, तर म्हणायचं, या पावसाळ्यात गंज चढला. बस. एवढं खोटं खपून जाईल. रोज सकाळी आरशापुढे मिशा विंचरताना तो ते वाक्य म्हणून बघायचा. "या पावसाळ्यात गंज चढला." चांगलं जमलं होतं.

पण घरी सांगणं झालंच नाही. आज सांगू, उद्या सांगू. शेवटी तो दिवस उजाडला.

महिन्याचा पहिलाच आठवडा होता. बाकावर बायका होत्या आणि कोपऱ्यात जनकदुलारी. सोबरन निळ्या नव्या गणवेशात, कडक इस्त्रीत. आल्या आल्या त्यानं तिचे पाय धरले.

"जुग जुग जी रे बाबा," ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "आज बिट्टन असती तर अख्ख्या बँकेला लाडू वाटले असते तिनं. माझा भाऊ नोकरीला लागला म्हणून नाचली असती." मग अतबलकडे वळून, "काय लाला, आता घरी बसून काय करणार? मिशांना तेल?"

"बघू," अतबल म्हणाला.

सक्सेनासाहेब पेढ्यांचा डबा आणि रजिस्टर घेऊन आले. "चला, सुपूर्द करा. बंदुकीचा नंबर, काडतुसं किती, लिहू या. म्हणजे तुम्ही मोकळे."

"नळीत दोन, पट्ट्यात पाच," अतबल म्हणाला. गेली अकरा वर्षं तो हेच सांगत आला होता, तोंडातून आपोआप निघालं.

सोबरननं बंदूक घेतली आणि उघडली. उजव्या नळीतलं काडतूस काढून तळहातावर ठेवलं, "एक." मग डावीतलं काढलं. हातात घेताच त्याचा चेहरा बदलला. हलकं होतं. त्यानं उलटं करून बघितलं.

"बाबा, हे तर उडालेलं आहे."

सक्सेनासाहेब मोठ्यानं हसले. "वा, अतबल सिंग! अर्धी रिकामी बंदूक घेऊन पंचवीस वर्षं राखलंत आम्हाला?" बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कॅशियरही काचेमागून हसला. सोबरनला बापाची लाज वाटली की कीव, कुणास ठाऊक, तो पटकन म्हणाला, "डोळ्यांना दिसत नसेल आता," आणि ते रिकामं काडतूस त्यानं बाकावर ठेवून दिलं. पट्ट्यातून एक नवं काढलं. डाव्या नळीत सरकवलं. उजवं परत जागेवर घातलं. मग तरुण पोरं करतात तसं, एका हाताच्या झटक्यानं बंदूक मिटायला तो वळला. नळ्यांची तोंडं बाकाकडे होती.

अतबलनं झडप घालून नळ्या धरल्या.

"डावी भरू नकोस."

"का?"

"कच्ची आहे. झटक्यानं सुटते."

सोबरन थांबला. बंदूक तशीच उघडी दोघांच्या हातांत. "मग दुरुस्त का नाही केली?"

जनकदुलारीनं बाकावरचं काडतूस उचललं होतं आणि ती ते बोटांत फिरवत होती. पितळ काळं पडलेलं, लाल रंग विटलेला. तिनं जुनी वस्तू ओळखायला वेळ लावावा तसा वेळ लावला. मग वर बघितलं.

"केव्हापासून कच्ची आहे, लाला?"

वाक्य तयार होतं. या पावसाळ्यात गंज चढला. चार शब्द. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला दिसलं की ती तशीच बघतेय, गेल्या महिन्यात बघत होती तशी, त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवून. तो जे म्हणेल ते ती खरं मानणार होती. आता आणि नेहमीच.

"बिट्टन गेली, त्याच्या आधीपासून," तो म्हणाला.

"कोण बिट्टन?" सक्सेनासाहेबांनी विचारलं.

सोबरननं दोन्ही काडतुसं काढली. त्यातलं एक खाली पडून बाकाखाली घरंगळत गेलं. त्यानं ते उचललं नाही. बापाकडे बघितलंही नाही. बंदूक भिंतीला टेकवली आणि ज्या हातांनी धरली होती ते हात नव्या पँटला पुसत तो जनकदुलारीच्या पायाशी खाली बसला.

काउंटरवरून तिचं नाव पुकारलं गेलं. मग पुन्हा. ती उठली नाही. ती ओरडेल, बोटं मोडेल, छिद्दाच्या दारात जे सगळं बोलायची ते आता आपल्याला ऐकवेल, म्हणून अतबल उभा होता. त्याला ते हवं होतं. अकरा वर्षांत त्याला कशाचीच इतकी गरज वाटली नव्हती. पण तिनं शिव्या दिल्या नाहीत. ती समोरच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाकडे बघत राहिली, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज एवढा बारीक होता की त्याला वाकून ऐकावं लागलं.

"दोन दिवस पाणी मागत होता तो," ती म्हणाली. "भरलेला तांब्या होता माझ्या हातात. आणि तू मला म्हणालास, चांगलं केलंत, वहिनी."